युद्धकालीन लंडनमधील भोजनगृहे व पाच शिलिंगांची मर्यादा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून शिधावाटप सुरू झाले. परंतु भोजनगृहातील जेवणास सामान्यतः कूपन द्यावे लागत नसे. त्यामुळे लंडनमधील धनिकांना शनिवारची रात्र भरल्या ताटाने साजरी करणे शक्य होते. घरी मोजून मांस रांधणाऱ्या कुटुंबांना ही विषमता बोचणे स्वाभाविकच होते.

अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या खात्याने जून १९४२ मध्ये यावर निर्बंध घातला. एका जेवणाचे मूल्य ५ शिलिंगांहून अधिक असू नये व मांस-मासे यांपैकी मुख्य पदार्थ एकच असावा, असे ठरले. तथापि मद्य या मर्यादेबाहेर राहिले. शिवाय उंची हॉटेलांना जागेचा जादा आकार व नृत्यसंगीताचे वेगळे मूल्य घेण्याची मुभा मिळाली. परिणामी ताटाची किंमत बांधली गेली, बैठकीची नव्हे.

याउलट, स्थानिक संस्थांनी चालविलेल्या ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’मध्ये साधारणतः ९ पेन्सांत जेवण मिळे. १९४३ मध्ये अशा भोजनगृहांची संख्या दोन हजारांवर होती. ५ शिलिंग म्हणजे ६० पेन्स. अर्थात कायद्याने ठरविलेली कमाल किंमतही या साध्या जेवणाच्या सहापटींहून अधिक होती.

१९५० साली ही मर्यादा उठविण्यात आली. मांसाचे शिधावाटप मात्र १९५४ पर्यंत चालू राहिले. घरचे ताट मोजलेलेच असताना बाहेरचे ताट पुन्हा मोकळे झाले.