निवडीनंतरची वर्षे : सातारा-सांगलीतील खेळाडूंची घडण

होतकरू खेळाडूची निवड ही व्यावसायिक क्रीडाविश्वातील गाजणारी घटना असते. त्याची घडण मात्र फारशी कोणाच्या नजरेस पडत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला मान, असा त्याचा साधारण क्रम असतो आणि ३२ संघ सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. त्याआधी खेळाडूंची ४० यार्डांची धाव, उभी उडी, लांब उडी यांची मोजमापे घेतली जातात. शरीर उत्तम, पण खेळाची समज अपुरी, असे अनेक 'कच्चे' खेळाडू या मोजमापांच्या बळावर निवडले जातात. त्यांना लगेच मैदानात उतरवायचे की थांबवायचे, हा प्रत्येक प्रशिक्षकापुढचा पेच असतो. ग्रीन बे पॅकर्स संघाने २००५ मध्ये निवडलेला अ‍ॅरन रॉजर्स तीन हंगाम ब्रेट फाव्हरच्या मागे राखीव राहिला. २००८ मध्ये तो मुख्य खेळाडू झाला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने संघाला सुपर बोल जिंकून दिला.

हा पेच महाराष्ट्रालाही परका नाही. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शाळकरी मुलांची निवड अशाच कसोट्यांवर होते. उंची, वजन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, ३० मीटर धाव, शटल रन, ८०० मीटर धाव अशा चाचण्यांचे गुण मांडून मुले निवडली जातात. मुलाचे शरीर त्या दिवशी काय करू शकते, हे या चाचण्या सांगतात. चार वर्षांनी ते काय करू शकेल, हे सांगत नाहीत. माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. अपुऱ्या आहारामुळे आलेला अशक्तपणा हा गुणवत्तेचा अभाव समजला जाण्याचा धोका तेथे कायम असतो. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील काही खेळाडूंच्या वाटचालीकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते.

मातीतून गादीवर

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६-१९८४) हे या परंपरेतील पहिले ठळक उदाहरण. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले, तेव्हा त्यांची सारी मेहनत तांबड्या मातीतील होती. गादीवरील कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवखे होते. अमेरिकेचे रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि ते सहाव्या क्रमांकावर राहिले. केवळ निकाल पाहणाऱ्याला ते अपयश वाटले असते. जाणकारांना मात्र त्यात पुढची शक्यता दिसली.

त्यानंतरची चार वर्षे निर्णायक ठरली. खाशाबा वरच्या वजनगटात गेले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैशाची चणचण होती, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. सहाव्या क्रमांकावरच्या मल्लासाठी कोणी आपले घर पणाला लावावे, यातच त्या काळातील संयमाची किंमत कळते.

पाच बाणांची संधी

फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव (जन्म १९९६) याची कथा क्रीडा प्रबोधिनीशीच निगडित आहे. आई-वडील मोलमजुरी करणारे, घरची परिस्थिती बेताची. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला खेळाकडे वळविले. सुरुवात धावण्यापासून झाली, पण अशक्तपणा आड येई. पुढे प्रबोधिनीत त्याची नेमबाज नजर लक्षात आली आणि त्याच्या हाती धनुष्य आले. येथेही आधुनिक धनुष्याचा ताण त्याच्या किरकोळ शरीराला पेलवेना. प्रबोधिनीतून बाहेर पडण्याची वेळ आली असता त्याला पाच बाणांची अखेरची संधी देण्यात आली. ती कसोटी त्याने पार केली.

पुढे तो लष्करात दाखल झाला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासह त्याने सांघिक रौप्यपदक मिळविले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकच्या मानांकन फेरीत तिघा भारतीय पुरुषांत सर्वाधिक, ६५६ गुण त्याचे होते. वैयक्तिक स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत त्याने जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या गालसान बझारझापोव्हला ६-० असे नमविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही तो भारतीय संघात होता. पाच बाण आधीच नाकारले गेले असते, तर यातले काहीच घडले नसते.

योग्य जागेचा शोध

संयम म्हणजे नुसते थांबणे नव्हे. खेळाडूला त्याची जागा शोधू देणे हाही त्याचाच भाग. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर दीर्घ पल्ल्याची धावपटू म्हणून पुढे आली आणि मॅरेथॉनमध्ये नावारूपाला आली. पंचविशीच्या उंबरठ्यावर ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडण्याचे तंत्र तिला नव्याने शिकावे लागले. २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य, २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये थेट अंतिम फेरी, अशी तिची वाटचाल झाली. पात्रता फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. १९८४ मधील पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातील करगणीचा सचिन खिलारी हे असेच दुसरे उदाहरण. लहानपणीच्या अपघातानंतर त्याच्या हाताला कायमचे अपंगत्व आले. भालाफेकीकडून तो गोळाफेकीकडे वळला आणि २०२३ मध्ये जगज्जेता झाला. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ गटात १६.३२ मीटर फेक करून त्याने रौप्यपदक पटकावले. तेव्हा त्याने वयाची तिशी ओलांडली होती. निवडीच्या वयोमर्यादांचा काटेकोर हिशेब मांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

अपयशातही कायम जागा

सांगलीत लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना २०१३ मध्ये सोळाव्या वर्षी भारतीय संघात आली. एकदिवसीय सामन्यातील पहिल्या शतकासाठी तिला २०१६ उजाडावे लागले. २०१७ च्या विश्वचषकात ९० आणि नाबाद १०६ अशी दणदणीत सुरुवात केल्यावर पुढच्या सात डावांत तिची सर्वोच्च धावसंख्या १३ होती. अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. तरीही संघ व्यवस्थापनाने तिला एकाही सामन्यातून वगळले नाही. पुढच्याच वर्षी ती आयसीसीची वर्षातील सर्वोत्कृष्ट महिला क्रिकेटपटू ठरली आणि २०२५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची उपकर्णधार होती.

साताऱ्याच्या अदिती स्वामीचे यश वरकरणी याच्या उलट, झटपट आलेले वाटते. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी ती कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. त्यामागे मात्र प्रशिक्षक प्रवीण सावंत यांनी उसाच्या शेतात उभ्या केलेल्या सरावाच्या जागेतील वर्षे आणि महागड्या साहित्यासाठी कुटुंबाने सोसलेला भार आहे. त्याच स्पर्धेत जगज्जेता ठरलेला नागपूरचा ओजस देवतळेही साताऱ्यातच सावंत यांच्याकडे घडला.

लीगचे गणित

अमेरिकन ड्राफ्टशी सर्वांत जवळचे नाते प्रो कबड्डी लीगचे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या लीगने गावोगावच्या कबड्डीपटूंना व्यावसायिक दारे उघडली. सांगली जिल्ह्यातील कासेगावचा काशिलिंग आडके दुसऱ्या हंगामातील सर्वांत यशस्वी चढाईपटू ठरला. पुढे लिलावाबाहेर नवोदित खेळाडू करारबद्ध करण्याची सोय झाली. पुणेरी पलटणने या मार्गाने घेतलेले अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे तरुण एकत्र ठेवले. २०२२ मध्ये संघ अंतिम सामन्यात हरला; तरीही व्यवस्थापनाने संघाचा गाभा मोडला नाही. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून पलटणने पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा इनामदार कर्णधार होता.

संयमाची मर्यादा

या साऱ्याचा अर्थ प्रत्येक खेळाडूची अमर्याद वाट पाहावी, असा नव्हे. प्रबोधिनीतील जागा मोजक्या असतात. एकाला थांबवून घेणे म्हणजे दुसऱ्याला दार बंद करणे. खेळापायी शिक्षण मागे पडलेल्या आणि खेळातही पुढे न गेलेल्या मुलांची नोंद कोठेच राहत नाही. म्हणूनच संयमाला शिस्त हवी. प्रवीण जाधवला सवलत मिळाली, पण कसोटी टळली नाही. खाशाबांना चार वर्षे मिळाली, पण त्यांनी ती नवी कुस्ती शिकण्यात घालविली.

तालमीतला वस्ताद नवख्या पोराला आधी आखाडा उकरायला लावतो, जोर-बैठका काढून घेतो, खुराकाकडे लक्ष ठेवतो आणि मगच फडात उतरवतो. या रीतीत वाट पाहणे आहे, तशी रोजची पारखही आहे. आजच्या निवड समित्यांकडे मोजमापाची साधने पुष्कळ आहेत. निवडलेल्या मुलाचा आहार, मार्गदर्शन, शिक्षण आणि दुसरी संधी यांची जबाबदारी निवडीच्या दिवशीच निश्चित झाली, तर ती साधने सार्थकी लागतील. अन्यथा पुढचा प्रवीण जाधव पाच बाणांपूर्वीच घरी परतलेला असेल आणि त्याची उणीव कोणाला जाणवणारही नाही.