ताबा आणि नकार : वालचंदांचे तीन कारखाने

युद्धकाळात सरकार खासगी कारखानदाराला दोन प्रकारे वेसण घालते. एक तर त्याचा कारखाना ताब्यात घेते, नाहीतर त्याला कारखाना काढूच देत नाही. पहिल्या प्रकाराची चर्चा पुष्कळ होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना दुसऱ्या महायुद्धात दोन्ही अनुभव आले, म्हणून वाचकांपुढे त्यांचेच उदाहरण ठेवतो.

१९३९ मध्ये एका प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यवसायिकाशी पडली. हिंदुस्थानात विमाने बांधण्याची कल्पना सरकारला आधी रुचली नव्हती. १९४० मध्ये फ्रान्स कोसळला आणि सूर बदलला. म्हैसूर दरबाराने २५ लाख रुपये गुंतवले, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी हिंदुस्थान सरकारही भागीदार झाले. म्हणजे मालक, संस्थान आणि सरकार एकाच गाडीत बसले; लगाम कोणाच्या हाती, हा प्रश्न तेव्हाच निघायला हवा होता.

त्याचे उत्तर जपानने दिले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. त्याच वर्षी सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले आणि व्यवस्थापन हाती घेतले. म्हैसूरने आपला हिस्सा राखला, कारभारातून मात्र अंग काढून घेतले. पुढे तिथे अमेरिकी हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती चालू लागली. आघाडी इतकी जवळ आल्यावर लढाऊ विमानांचे काम खासगी नफ्यावर सोडायचे नाही, हा सरकारचा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. विकत घेतले, हिसकावले नाही, हेही खरे. पण युद्ध संपल्यावर कारखाना वालचंदांकडे परत आला नाही.

जहाजांची कथा निराळी. विशाखापट्टणमच्या गोदीचा पाया २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते घातला गेला. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी बॉम्ब त्याच शहरावर पडले आणि काम रखडले. ‘जलउषा’ जहाज पाण्यात उतरले ते मार्च १९४८ मध्ये, नेहरूंच्या हस्ते.

मोटारीचे तर बोलायलाच नको. क्रायस्लरशी बोलणी झाली होती, विश्वेश्वरय्या त्या योजनेमागे होते, मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचाही कल अनुकूल होता. दिल्लीने मात्र मोटार कारखान्याला युद्धाची गरज मानले नाही. सैन्याला लागणाऱ्या गाड्या बाहेरून येत राहिल्या. इथे ना ताबा, ना नुकसानभरपाई. फक्त नकार, आणि नकाराला किंमत लावता येत नाही. मे १९४३ पासून तर नव्या भांडवलासाठीही सरकारची परवानगी लागू लागली.

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. तोवर लढाईची चार-पाच वर्षे उलटून गेली होती.