झाडाला बांधून घेण्याचे शास्त्र
अमेरिकेतील ‘सॅडल हंटिंग’ : साधने, चढण्याची पद्धत आणि सुरक्षेचे नियम

प्रतिनिधी

शिकारीसाठी झाडावर बसायचे म्हटले की मराठी वाचकांना मचाण आठवते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्या यांमुळे आपल्याकडे वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा ठरला आणि मचाण उरले ते पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांच्या निरीक्षणापुरते. अमेरिकेत मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात आणि प्रत्येक राज्याने घालून दिलेल्या मर्यादेत आजही केली जाते. तेथील धनुर्धारी शिकाऱ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत मचाणाची जागा एका वेगळ्याच साधनाने घेण्यास सुरुवात केली आहे. त्याचे नाव ‘ट्री सॅडल’.

सॅडल म्हणजे खोगीर. प्रत्यक्षात हे साधन म्हणजे कमरेला व मांड्यांना बांधावयाचा रुंद, मजबूत पट्टा. शिकारी तो अंगावर घालूनच जंगलात जातो, झाडावर चढतो आणि दोराच्या आधाराने खोडाकडे तोंड करून त्यात बसतो. झाडांच्या फांद्या छाटणारे कामगार आणि विजेच्या खांबांवर चढणारे लाइनमन अशाच पट्ट्यांवर काम करीत आले आहेत. त्याचा शिकारीसाठी वापर १९८० च्या दशकापासून होऊ लागला. मिशिगन राज्यातील शिकारी व लेखक जॉन एबरहार्ट यांनी ही पद्धत चिकाटीने लोकांसमोर मांडली. तरीही ती अनेक वर्षे मोजक्याच लोकांपुरती राहिली. २०१० च्या दशकाच्या अखेरीस हलक्या वजनाची नवी साधने बाजारात आली आणि तिचा झपाट्याने प्रसार झाला.

झाडावरच का?

धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याला हरणाच्या साधारण २० ते ३० यार्ड इतक्या जवळ जावे लागते. हरणाचे नाक आणि कान अत्यंत तीक्ष्ण असतात. जमिनीवरची हालचाल ते चटकन टिपते, पण डोक्यावरच्या बाजूला त्याचे लक्ष तुलनेने कमी असते. १५ ते २० फूट उंचीवर बसल्यास माणसाचा वासही बऱ्याचदा वरच्या वर वाहून जातो. म्हणून लोखंडी वा ॲल्युमिनियमची आसने झाडाला टांगण्याची प्रथा पडली. ती आसने जड असतात आणि एकदा बांधली की रोज हलविणे कठीण जाते. शिवाय अनेक सार्वजनिक वनांत झाडाला खिळे वा स्क्रू ठोकण्यास किंवा कायमचे बांधकाम करण्यास मनाई असते. सॅडलचे वजन जेमतेम एक ते दीड किलो असते. वाऱ्याची दिशा बदलली की दुसरे झाड गाठता येते, हा त्याचा मोठा फायदा आहे.

साधनांची ओळख

सॅडलखेरीज पुढील वस्तू लागतात. यांतील प्रत्येक दोराचे काम वेगळे आहे, हे नवख्याने आधी समजून घ्यावे.

ब्रिज : सॅडलच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना जोडणारा पोटासमोरचा आखूड दोर. बसलेल्या माणसाचे सारे वजन यावर येते.

टेदर : बसण्याच्या जागी खोडाभोवती आवळून बांधावयाचा दोर. त्यावर सरकणारी गाठ असते आणि कॅराबिनरने ब्रिज या गाठीला जोडला जातो.

लाइनमन्स बेल्ट : चढताना व उतरताना खोडाभोवती घ्यावयाचा दोर. त्याची दोन टोके कमरेच्या डाव्या-उजव्या फासांत अडकवितात. त्यावर रेलले की दोन्ही हात कामासाठी मोकळे राहतात.

क्लाइंबिंग स्टिक : पावले ठेवण्यासाठी खोडाला बांधावयाच्या दीड ते अडीच फुटांच्या पायऱ्या. साधारणपणे तीन किंवा चार लागतात. सर्वांत खालच्या पायरीला दोराची लोंबती पावटी जोडल्यास तेवढ्याच पायऱ्यांत अधिक उंची मिळते.

प्लॅटफॉर्म : वर गेल्यावर पाय टेकण्यासाठी लहानशी धातूची फळी.

दोरांवरील सरकत्या गाठीसाठी बहुधा प्रुसिक गाठ वापरतात. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये ती प्रसिद्ध केली. भार नसताना ती हाताने सरकविता येते आणि भार पडताच दोराला घट्ट धरते. गाठीची दोरी मूळ दोरापेक्षा बारीक असली तरच ही पकड नीट बसते. टेदरच्या मोकळ्या टोकाला आणखी एक जाड गाठ मारून ठेवणे अत्यावश्यक आहे. अन्यथा अंधारात सरकती गाठ टोकावरून निसटून जाण्याचा धोका राहतो.

दोर सैल नको

सॅडलविषयीचा सर्वांत घातक गैरसमज म्हणजे ते घातले की पडण्याची भीती नाही, हा होय. सॅडल पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी बनविलेले नसते. त्याने पडूच नये यासाठी ते असते. त्याचे दोर फारसे ताणले न जाणारे असतात. याचा अर्थ एका साध्या गणिताने कळेल. ८० किलो वजनाचा माणूस सैल दोरामुळे ६० सेंटिमीटर खाली घसरला आणि दोराने त्याला पुढच्या ५ सेंटिमीटरमध्ये थांबविले, तर सरासरी झटका त्याच्या वजनाच्या १३ पट, म्हणजे हजार किलोहून अधिक बसतो. दोर कदाचित तग धरेल, पण पाठीच्या कण्याचे व कमरेचे काय होईल, याची कल्पना केलेली बरी. म्हणून दोर नेहमी ताणलेला असावा आणि टेदरची गाठ छातीच्या खाली कधीही येऊ नये.

झाडाची निवड

झाड जिवंत, सरळ आणि कवेत मावेल इतक्या जाडीचे असावे. वर मोडून अडकलेली वाळकी फांदी आहे का, हे खालूनच पाहून घ्यावे. सुटणाऱ्या सालीचे झाड टाळावे. सालीसकट पायरी घसरते. अमेरिकेत या बाबतीत ॲश वृक्षाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. एमराल्ड ॲश बोरर नावाचा आशियाई भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि त्यानंतर त्याने कोट्यवधी ॲश वृक्षांचा बळी घेतला. वाळलेला ॲश उभा दिसतो, पण आतून ठिसूळ झालेला असतो. त्यावर चढणे म्हणजे संकटाला आमंत्रणच.

हरीण कोणत्या बाजूने येईल, याचाही विचार जमिनीवरच करावा. सॅडलमधील शिकारी खोडाच्या आड लपतो, त्यामुळे अपेक्षित वाट खोडाच्या पलीकडे असावी. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या धनुर्धाऱ्याला डाव्या बाजूचा नेम सोपा जातो. म्हणून हरीण आपल्या डाव्या अंगाला येईल अशी जागा त्याने निवडावी.

चढण्याचा क्रम

चढण्यातील वेग हातपाय झपाझप हलविण्याने येत नाही. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असणे आणि प्रत्येक कृती दरवेळी त्याच क्रमाने करणे, यातून तो येतो. टेदर एका बाजूच्या पिशवीत, लाइनमन्स बेल्ट दुसऱ्या बाजूच्या, पायऱ्या कमरेच्या फासांना, प्लॅटफॉर्म पाठीवर, अशी मांडणी एकदा ठरली की ती बदलू नये. धातूवर धातू आपटून आवाज होऊ नये म्हणून पायऱ्यांना व बकलांना कापडी चिकटपट्टी गुंडाळतात.

१. जमिनीवर उभे असतानाच लाइनमन्स बेल्ट खोडाभोवती घ्यावा व दोन्ही बाजूंना अडकवावा. पहिले पाऊल उचलण्यापूर्वी माणूस झाडाशी जोडला गेलेला असला पाहिजे.

२. पहिली पायरी कमरेच्या वर बांधून ती खाली ओढून घट्ट बसवावी आणि मगच तिच्यावर पूर्ण वजन टाकावे.

३. वर चढून दोर खोडावर वर सरकवावा, मागे रेलून दोन्ही हात मोकळे करावेत व पुढची पायरी हात पोहोचेल तिथे बांधावी. पायऱ्यांतील अंतर उतरताना गुडघ्याला झेपेल एवढेच असावे. चढताना जमते म्हणून ठेवलेले मोठे अंतर अंधारात उतरताना महागात पडते.

४. मध्ये फांदी आली तर आधी टेदर फांदीच्या वर बांधून ब्रिज त्याला जोडावा, त्यावर भार देऊन पाहावा आणि मगच लाइनमन्स बेल्ट सोडून फांदीच्या वर घ्यावा. दोन्ही दोर एकाच वेळी सुटलेले असण्याचा क्षण कधीही येता कामा नये.

५. ठरलेल्या उंचीवर, बेल्ट तसाच ठेवून, टेदर साधारण डोळ्यांच्या पातळीला बांधावा. ब्रिजचा कॅराबिनर गाठीत अडकवून त्याची कुलूपकडी फिरली आहे याची डोळ्यांनी व हाताने खात्री करावी.

६. दोन्ही दोर लावलेले असतानाच प्लॅटफॉर्म बांधावा, पायाने दाबून घट्ट बसवावा व त्यावर जावे. टेदरवर पूर्ण भार देऊन पाहिल्यानंतर लाइनमन्स बेल्ट सैल करावा.

७. शेवटी शस्त्र वर ओढून घ्यावे. ते अंगावर घेऊन कधीही चढू नये. धनुष्य जमिनीवर दोरीला बांधून ठेवावे व बाण दोरीवर चढविलेला नसावा. बंदूक असल्यास ती रिकामी असावी आणि नळी जमिनीकडे असावी.

बसण्याची बैठक

सॅडलमध्ये दोन प्रकारे थांबता येते. गुडघे खोडाला टेकवून बसणे हा एक. त्यासाठी गुडघ्यांना गादी बांधतात. प्लॅटफॉर्मवर पाय रोवून मागे रेलणे हा दुसरा. कंबर वा मांड्या अवघडल्यास टेदरची गाठ चार-सहा इंच वर-खाली करून पाहावी. बहुतेक तक्रारी एवढ्याने मिटतात. तासन्‌तास एकाच स्थितीत राहू नये. पाय टेकलेले नसताना पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहिल्यास रक्त पायांत साठते आणि शुद्ध हरपू शकते. प्लॅटफॉर्म निसटला तरी पाय ठेवता यावा म्हणून शेवटची पायरी आवाक्यात असू द्यावी.

थंडीच्या दिवसांत जाड कोट अंगावर न घेता पिशवीतून न्यावा. चढताना आलेला घाम वर बसल्यावर शरीर गारठवितो आणि त्याचा वास हरणापर्यंत पोहोचतो.

एकाच पायरीची पद्धत

अलीकडे काही जण एकच पायरी घेऊन चढतात. पायरीवर उभे राहून टेदर वर सरकवायचा, त्यावर बसून पायरी सोडवायची आणि वर बांधायची, असा हा क्रम. उतरताना लांब दोरावरून घर्षणाच्या उपकरणाने गिर्यारोहकाप्रमाणे खाली यायचे. यात सामान कमी लागते. मात्र उतरताना उपकरणाच्या जोडीला सरकत्या गाठीचा दुसरा आधार हवाच. शिवाय दोर जमिनीपर्यंत पोहोचतो याची खात्री करावी लागते. नवशिक्याने ही पद्धत दुसऱ्या टप्प्यावर शिकावी.

उतरताना अधिक सावध

चढणे, उतरणे आणि एका आधारावरून दुसऱ्या आधारावर जाणे, हेच खरे धोक्याचे क्षण. उतरण्याची वेळ बहुधा अंधाराची असते, शरीर गारठलेले असते आणि मन घरी पोहोचलेले असते. आधी शस्त्र खाली सोडावे, मग तोच क्रम उलट करावा आणि दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत लाइनमन्स बेल्ट काढू नये.

अनुभव हे सुरक्षेचे हमीपत्र नव्हे. वृक्षछत्राच्या संशोधनासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या भारतीय वंशाच्या अमेरिकी शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी अनेक दशके दोरांच्या साह्याने उंच झाडांवर काम केले. २०१५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात संशोधन करीत असताना त्या सुमारे ५० फुटांवरून कोसळल्या व गंभीर जखमी झाल्या. त्यातून बऱ्या होऊन त्या पुन्हा कामाला लागल्या. पण प्रत्येकाच्या वाट्याला असे दैव येत नाही.

हंगामापूर्वी

दोर, पट्टे आणि शिवण दरवर्षी उजेडात तपासावी. उन्हाने विटलेला, उंदरांनी कुरतडलेला किंवा टणक झालेला दोर कापून टाकावा, म्हणजे तो चुकून पुन्हा वापरला जाणार नाही. नवी साधने जंगलात नेण्यापूर्वी जमिनीपासून हातभर उंचीवर सराव करावा. सगळा क्रम डोळे मिटून करता येऊ लागला की मगच उंची वाढवावी. आपण कोणत्या झाडावर आहोत आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून जावे. मोबाइल व शिट्टी लोंबकळत असतानाही हात पोहोचेल अशा खिशात ठेवावी.

शिकारीविषयी कोणाचे काहीही मत असो, हे तंत्र तेवढ्यापुरते मर्यादित नाही. पक्षी-छायाचित्रकार, वनस्पतींचे अभ्यासक, फांद्या तोडणारे कामगार आणि कोकणात रोज माडावर चढणारे पाडेली, या सर्वांनाच ते लागू पडते. जमीन सोडण्यापूर्वी झाडाशी जोडून घ्यावे, जमिनीला पाय लागल्याशिवाय ते नाते सोडू नये आणि मधल्या वेळात दोर सैल पडू देऊ नये. झाडावरून सुखरूप परतण्यासाठी एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.