खल कोणाच्या हातात?

१४. ही टीप ज्या उताऱ्यावर आहे, त्यातल्या चित्रात खलबत्ता घेऊन बसलेला पुरुष वैद्य नसावा. मध्ययुगीन युरोपीय चित्रांत वैद्याची ठळक खूण म्हणजे लघवी पारखण्याची काचेची कुपी; रोग बरे करणारे मानले गेलेले संत कॉस्मस आणि डेमियन या जोडीच्या पुष्कळ चित्रांत कुपी कॉस्मसकडे, तर औषधाची डबी किंवा खल डेमियनकडे असतो. खल स्वयंपाकघरातही असे, तेव्हा नुसत्या खलावरून औषधाचे दुकान कसे ओळखायचे, ही शंका रास्तच आहे. त्यासाठी भोवतालचे सामान पाहावे. उत्तर इटलीतल्या इसोन्य किल्ल्यात १५०० च्या सुमारास काढलेल्या औषधाच्या दुकानाच्या भित्तिचित्रात मागे फडताळभर बरण्या आहेत आणि फाटक्या कपड्यांतला एक जण मोठ्या खलात कुटतो आहे. हे अंगमेहनतीचे काम चित्रकाराने झाकले नाही, हे फार मोलाचे. आपल्या उताऱ्यातही मागे बरण्याच आहेत. वाचकांनी हा पुरुष औषधे बनवणारा समजावा.