'अ‍ॅरिझोना'चे टपाल

अमेरिकेच्या 'अ‍ॅरिझोना' या युद्धनौकेचा इतिहास बहुधा शेवटापासून सांगितला जातो. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरमध्ये जपानी विमानातून पडलेल्या बॉम्बने तिच्या पुढच्या भागातील दारूगोळ्याचे कोठार पेटले आणि नौकेवरील ११७७ माणसे मरण पावली. त्या दिवशीच्या एकूण अमेरिकी मृतांपैकी ही जवळजवळ निम्मी. पुढे 'अ‍ॅरिझोना' म्हणजे ती सकाळ, असे समीकरणच होऊन बसले. वस्तुतः नौका १९१६ सालीच नौदलात दाखल झाली होती. मधली पंचवीस वर्षे कुठे गेली? त्यांचा काही भाग, अगदी अनपेक्षितपणे, टपालसंग्राहकांच्या वह्यांत सापडतो.

१९०८ च्या कायद्याने अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर टपालघरे उघडण्याची सोय झाली. खलाशांपैकीच एकाची टपाल-कारकून म्हणून नेमणूक होई. त्याच्याजवळच्या शिक्क्यात वर्तुळाच्या कडेने जहाजाचे नाव असे, मध्ये तारीख आणि शेजारी तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या पट्ट्या. पुष्कळ शिक्क्यांत या पट्ट्यांच्या मधल्या जागेत सुटी अक्षरे जुळवून बंदराचे नाव किंवा एखाद्या प्रसंगाचा उल्लेख घालता येई. जहाज हे हलते टपालघर. आज एका किनाऱ्यावर, महिन्याने दुसऱ्या. म्हणून त्या दोन-तीन ओळींना महत्त्व.

१९३० नंतरच्या मंदीच्या दशकात या शिक्क्यांचा छंद अमेरिकेत फोफावला. १९३२ मध्ये 'युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी' स्थापन झाली; फ्रान्सिस लॉसी यांनी शिक्क्यांचे प्रकार पाडून त्यांची वर्गवारी सिद्ध केली. पद्धत सोपी होती. पाकिटावर स्वतःचाच पत्ता लिहायचा, तीन सेंटांचे तिकीट लावायचे, ते दुसऱ्या पाकिटात घालून जहाजाच्या टपाल-कारकुनाकडे विनंतीसह पाठवायचे आणि वाट पाहायची. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे स्वतः तिकिटांचे नामांकित संग्राहक, तेव्हा छंदाला प्रतिष्ठेचीही वाण नव्हती. (कारकुनाच्या मेजावर साचणाऱ्या या ढिगाविषयी त्याचे मत काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.)

आता आक्षेप उघड आहे. ही पाकिटे 'बनवलेली' आहेत. पाठवणारा आणि घेणारा एकच. आत मजकूर नाही, असलाच तर कडकपणासाठी घातलेला पुठ्ठ्याचा तुकडा. खलाशाने आईला लिहिलेल्या पत्रापुढे त्यांची काय मातब्बरी? शिवाय नौका कोणत्या दिवशी कुठे होती, हे तिची रोजनिशी अधिक अचूक सांगते. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. तरीही या पाकिटांत असे काही आहे, जे रोजनिशीत नाही. कॅलिफोर्नियातील सॅन पेड्रो हे तिचे बंदर असतानाच्या वर्षांत, दूरच्या कुठल्याशा गावातील माणसाला ही नौका हवीशी, जवळची वाटत होती. नौदल दिन, नाताळ, नौकेच्या जलावतरणाचा वाढदिवस अशी निमित्ते काढून तो तिच्याशी नाते जोडत होता. १९३४ किंवा १९३७ चा शिक्का मारताना कारकुनाला १९४१ ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक असते, आणि ते विसरून शिक्का वाचणे फार कठीण जाते.

बाजार तर ते विसरूच देत नाही. शिक्क्यावरची तारीख त्या डिसेंबरच्या जितकी जवळ, तितकी संग्राहकांची ओढ अधिक. म्हणजे ज्या कागदाचे खरे मोल नौकेचे साधे दिवस सांगण्यात आहे, त्याची किंमत मात्र तिच्या मृत्यूपासूनच्या अंतरावर ठरते. अशा वस्तूंचे नकली शिक्के करण्याचा मोह होतो तोही याचमुळे; म्हणून जाणता संग्राहक पाकीट हाती आले की आधी अक्षरांचे वळण, पट्ट्यांतील अंतर आणि शाई तपासतो. संहिताचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला ही शिस्त परकी वाटू नये.

अमेरिका युद्धात उतरल्यावर गुप्ततेसाठी शिक्क्यांतून जहाजांची नावेच काढली गेली. पहिल्या महायुद्धातही तसे झाले होते. पाकिटे येतच राहिली, परंतु वर्तुळात आता केवळ 'यू. एस. नेव्ही' एवढीच अक्षरे होती. ते टपाल कोणत्या जहाजावरून निघाले, हे डाव्या कोपऱ्यात लिहिलेल्या खलाशाच्या परतीच्या पत्त्यावरून ओळखावे लागते.