जंतांचें औषध : वावडिंगापासून गोळीपर्यंत

बोरघाटाच्या पायथ्याशीं असलेल्या शिळफाट्याभोंवतीं, खालापूर-कर्जतच्या मुलखांत, पाऊस मुबलक पडतो. ओली, उबदार, सावलीची माती पिकाला मानवते, तशीच ती जंतांच्या अंड्यांनाही मानवते. अंकुशकृमीची अळी अशा मातींतून अनवाणी पायाची त्वचा भेदून शरीरांत शिरते. गोल जंतांचीं अंडीं मळक्या हातांवाटे पोटांत जातात. मूल फिकट पडतें, त्याची वाढ खुंटते. घरांतील माणसें मात्र सारा दोष गुळासाखरेला देतात!

या शत्रूशीं माणसाचा झगडा फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत कृमींचे वीस प्रकार सांगून उपचाराच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. अपकर्षण म्हणजे कृमि बाहेर काढणें, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना पोषक अशी स्थिति मोडणें, आणि निदानपरिवर्जन म्हणजे मूळ कारण टाळणें. वावडिंग व पळसपापडी हीं याच परंपरेंतलीं औषधें. तान्ह्या बाळाला वावडिंगाचें पाणी देण्याची चाल अनेक मराठी घरांत आजही आहे.

युरोपांत १८३० सालीं किरमाणी ओव्याच्या कुळांतील वनस्पतींतून सँटोनिन वेगळें काढण्यांत आलें. त्यानें गोल जंत पडत, पण रोग्याला सारें जग पिंवळें दिसूं लागे. चिनोपोडियमचें तेल त्याहून जहाल. मात्रा चुकली कीं मूलच दगावे. १९२१ सालीं मॉरिस हॉल यांनीं अंकुशकृमीवर कार्बन टेट्राक्लोराइड पुढें आणलें; तें यकृताला घातक ठरलें. जंत मारणाऱ्या विषानें मुलाला इजा करूं नये, एवढीच अट होती. ती पुरी होण्यास दीर्घ काळ लागला. १९५० नंतर पिपराझीन रूढ झालें, १९७० नंतरच्या दशकांत मेबेंडाझोल आलें, आणि १९८२ पासून अल्बेंडाझोल माणसांना देण्यांत येऊं लागलें. हें औषध जंताच्या पेशींतील सूक्ष्म नलिकांची घडण रोखतें. मग त्याला साखर शोषतां येत नाहीं व तो उपाशीं मरतो.

१० फेब्रुवारी २०१५ रोजीं भारतांत राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा प्रारंभ झाला. शाळा व अंगणवाड्यांतून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना ही गोळी देण्याची ही योजना. दोन वर्षांवरील मुलाला ४०० मिलिग्रॅमची पुरी गोळी, त्याहून लहानाला अर्धी.

परंतु गोळी पोटांतला जंत मारते, मातींतलें अंडें मारीत नाहीं. शौचालय, पायांत वहाण आणि जेवणापूर्वीं धुतलेले हात यांवांचून तेंच मूल कांहीं महिन्यांत पुन्हां जंतांचें घर बनतें. चरकाची पहिली पायरी एका गोळीनें सोपी केली आहे. शेवटची मात्र प्रत्येक घरानें व प्रत्येक गांवानें स्वतःच चढावयाची आहे.