आंग्रेकालीन गुराबेची प्रतिकृती

गिरणा भडगावावरून वाहत जाऊन तापीस मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्रास; एवढा जलसंबंध सोडला, तर खानदेशच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाने आरमार बखरींतच वाचावयाचे. गुराब कोणती आणि गलबत कोणते, हे आमच्या मुलखातील विद्यार्थ्यास डोळ्यांनी पाहावयाचे झाल्यास कुशल सुताराने घडविलेल्या प्रतिकृतीवाचून गत्यंतर नाही, आणि म्हणूनच तिची पारख दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूप्रमाणे न करता एखाद्या दस्तऐवजाप्रमाणे केली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

इंग्रजांच्या गोद्यांत जहाजांचे नकाशे आणि प्रमाणबद्ध नमुने करण्याची वहिवाट असल्यामुळे त्यांच्या जुन्या युद्धनौकांची प्रतिकृती करणारास मापे आयती मिळतात. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ तर इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही उभी आहे. कोकणच्या मेस्त्रीचा नकाशा मात्र त्याच्या नजरेत असे. त्यातच फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. इंग्रजांकडून पूर्वी हस्तगत केलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर तोफगोळा पडून भडकलेला वणवा नांगरलेल्या गुराबांत पसरला, आणि या मोहिमेत खुद्द पेशव्यांची फौज इंग्रजांच्या साह्यास होती, ही गोष्ट आजही मनास जाळते.

अशा स्थितीत रॉबर्ट ऑर्म या समकालीन इंग्रज इतिहासकाराने केलेले वर्णन कारागिरास फार मोलाचे ठरते. त्याच्या सांगण्याप्रमाणे गुराबेस बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. दोन काठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंत, तर तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांची. तिचा तळ उथळ, रुंदी लांबीच्या मानाने पुष्कळ आणि नाळ भूमध्य समुद्रातील वल्हवणीच्या जहाजांसारखी पुढे निमुळती निघालेली असे. त्या नाळेमागच्या आडव्या लाकडी भिंतीत भोके ठेवून नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा समोर रोखलेल्या असत. गुराबेचे सारे मर्म या नाळेत आहे. शत्रूच्या पिछाडीस लागून त्यावर मारा करण्याची आंग्र्यांची रीत या दोन तोफांवाचून उमगत नाही, आणि ज्या प्रतिकृतीस विलायती जहाजाची फुगीर, उंच नाळ बसविली आहे, ती कितीही चकाकत असली तरी गुराबेची नव्हे.

लाकडाचा विचारही जुन्यांनी सूक्ष्मपणे केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान रजा घेऊन तोडावे, परंतु रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंब्याफणसांस तिच्या राजीखुशीवाचून व मोबदल्यावाचून हात लावू नये, अशी ताकीद आहे. या व्यवहारात पुढे खानदेशही ओढला गेला: १८४२ मध्ये कंपनी सरकारने सागवानासाठी डांगची जंगले भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतली, आणि त्या मुलखाचा कारभार दीर्घकाळ खानदेशच्या कलेक्टराकडे राहिला.

गलबत गुराबेहून लहान, क्वचितच ७० टनांवर जाई. चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे, आणि मुख्य काठीच्या माथ्याहून उंच जाणारे त्रिकोणी शीड मिरविणारे. प्रतिकृती करणारे त्यावर सागाच्या फळ्यांची सफाईदार तक्तपोशी बसवितात. पण लहान गलबतांचे तक्त वजन वाचविण्यासाठी चिरलेल्या बांबूचे करीत आणि त्यावर फिरते जंबुरेच काय ते ठेवीत, तेव्हा तिथे बांबूच्याच कामट्या हव्यात.